विहिरीच्या पाण्यावर चालणारे हीट पंप : ३० खाटांच्या रुग्णालयाच्या प्रकल्प नोंदी

ठिकाण : वर्धा जिल्हा, आर्वी तालुका. तळमजला आणि वर एक मजला. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, सहा-सात मीटरनंतर काळा पाषाण. आवारात दोन विहिरी, एकमेकींपासून ७० मीटरवर. एक चढावर, दुसरी नाल्याच्या अंगाला. दोन्हींचे पाणी प्यायला वापरत नाहीत.

शहरातल्या पंधरा-वीस मजली इमारतीत ही पद्धत जुनी आहे. सगळ्या मजल्यांतून एकच पाण्याचा लूप, म्हणजे बंद पाइपांतले पाणी, फिरतो आणि प्रत्येक दालनाचा छोटा हीट पंप (गारवा आणि ऊब दोन्ही देणारे, एसीसारखे यंत्र) त्यात उष्णता टाकतो किंवा त्यातून घेतो. लूप साधारण १६ ते ३२ अंश सेल्सिअसमध्ये राखतात. जास्तीची उष्णता कूलिंग टॉवर काढतो, कमी पडली तर बॉयलर देतो. इथे दोन्ही कामे विहिरीकडून करून घ्यायची आहेत : एका विहिरीतून उपसलेले पाणी लूपची उष्णता घेऊन किंवा त्याला देऊन दुसरीत परत जाईल. रुग्णालयाला ही रचना विशेष बसते. शस्त्रक्रियागृहाला, म्हणजे ओटीला, बारा महिने २१ अंशांच्या आसपास गारवा लागतो आणि नवजात कक्ष २६ ते २८ अंशांवरच राहायला हवा. पौषातल्या पहाटे एकाच इमारतीत एका खोलीला थंडी हवी असते, तर दुसरीला ऊब.

१४ ऑक्टोबर
विहिरींची मोजणी. वरची विहीर : व्यास ६ मीटर, खोली १४.५, पाणी जमिनीपासून ४.२ मीटरवर. खालची : व्यास तेवढाच, खोली १२. दोरीला तापमापक बांधून दर मीटरला वाचन घेतले. पृष्ठभागाजवळ २९.१ अंश, चार मीटर खाली २७.६, तळाशी २७.५. वरचा थर उन्हाने तापतो, म्हणून पंपाचे तोंड तळापासून दीड मीटरवर ठेवायचे. त्याहून खाली गेले तर गाळ ओढला जाईल.

या भागात वर्षाची सरासरी हवा २७ अंशांच्या जवळपास असते आणि जमिनीतले पाणीही तेवढेच. मेमध्ये हवा ४५ असताना हे पाणी २७.५ असते, आणि प्रकल्पाची सगळी भिस्त या साडेसतरा अंशांवर आहे.

१७ ऑक्टोबर
भार ठरला. ओटी ५ टन. प्रसूती कक्ष आणि नवजात कक्ष प्रत्येकी १.५, स्त्री आणि पुरुष वॉर्ड प्रत्येकी ३, बाह्यरुग्ण विभाग २.५, प्रयोगशाळा व औषधसाठा १.५. एकूण १८ टन, म्हणजे ६३ किलोवॅट गारवा. कॉम्प्रेसरची सुमारे १४ किलोवॅट वीज त्यात मिळवली की लूपमध्ये ७७ किलोवॅट उष्णता पडते. ही बेरीज विसरून फक्त गारव्यावर पाइप आणि प्लेट (लूप आणि विहिरीच्या पाण्यात उष्णतेची देवघेव करणारी) मोजली की पहिल्याच उन्हाळ्यात लूप चढतो. सगळी यंत्रे एकदम पूर्ण भाराने चालत नाहीत, म्हणून विहिरीची बाजू ७५ टक्क्यांवर, ५८ किलोवॅटवर धरली.

लूपचा प्रवाह दर टनाला मिनिटाला ११.४ लिटर. एकूण सुमारे २०५ लिटर, पाणी साडेपाच अंशांनी तापते. मुख्य पाइप ६५ मिलिमीटर. त्यात वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास येतो.

याशिवाय अंघोळीच्या पाण्यासाठी १२ किलोवॅटचा पाणी-ते-पाणी हीट पंप. दिवसाला १,५०० लिटर पाणी २० वरून ५० अंशांवर न्यायला ५२ युनिट उष्णता लागते. हा पंप ती १६ युनिट विजेत देईल आणि उरलेली लूपमधून उचलेल.

२४ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर
मिठाची चाचणी. दोन विहिरींची योजना करताना पहिली शंका हीच असते की एका विहिरीत सोडलेले गरम पाणी किती दिवसांनी दुसरीत पोचेल. मातीत ते हळू झिरपते. काळ्या पाषाणात मात्र पाणी भेगांमधून धावते आणि भेग कुठून कुठे गेली आहे ते वरून दिसत नाही.

खालच्या विहिरीला आवक जास्त, म्हणून आधी तिच्यातून उपसून वर सोडायचे ठरवले होते. वरच्या विहिरीत ५० किलो मिठाची गोणी विरघळवली आणि ताशी आठ हजार लिटरने उपसा सुरू केला. खालच्या पाण्याची विद्युतवाहकता (मीठ आले की ती चढते) मूळची ७८० मायक्रोसिमेन्स. २९ व्या तासाला ८२० झाली आणि पुढे चढतच राहिली. एवढ्या वेगाने मीठ आले, तर उष्णताही येणारच. खडक वाटेत थोडी शोषून घेतो म्हणून तिला काही दिवस जास्त लागतील, इतकेच.

तीन दिवस थांबून उलटी चाचणी घेतली, वरून उपसा आणि खाली परत. सलग पाच दिवस वरच्या विहिरीत काहीच वाढ नाही. पाण्याची चाल नाल्याकडे आहे, हे आता धरून चालायला हरकत नाही. दिशा बदलली. वरच्या विहिरीची आवक कमी आहे, पण पाणी जमिनीतच परत जात असल्याने ती अडचण ठरू नये. मेमध्ये तपासायचे.

६ नोव्हेंबर
पाण्याचा अहवाल आला. एकूण काठिण्य लिटरला ५२० मिलिग्रॅम, पीएच ७.८, थोडे लोह. हे पाणी हीट पंपाच्या आतल्या कॉइलमधून थेट फिरवले तर चुना बसणारच, आणि ती कॉइल उघडता येत नाही. म्हणून मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर : एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला लूपचे बंद पाणी. प्लेटी ३१६ स्टेनलेस स्टीलच्या, क्षेत्रफळ ८ चौरस मीटर, आणि गॅस्केटवालीच. झाळलेली प्लेट स्वस्त आणि लहान मिळते, पण उघडता येत नाही; अशा पाण्याला ती घेणे म्हणजे दोन वर्षांनी पुन्हा घेणे.

विहीर २७.५ वरून ३३ पर्यंत तापेल, लूप ३५.४ वरून ३० वर येईल. दोन पाण्यांतला फरक अडीच अंशांचा. तो याहून कमी करायचा तर प्लेटींचे क्षेत्रफळ भराभर वाढत जाते; जास्त ठेवला तर प्रत्येक कॉम्प्रेसर रोज जास्त वीज खातो.

कूलिंग टॉवरचाही हिशेब केला. इथला उन्हाळा कोरडा, त्यामुळे मेमध्ये टॉवरचे पाणीही २७-२८ पर्यंत उतरू शकते. नुसत्या तापमानात विहीर फार पुढे नाही. पण ५८ किलोवॅट अकरा तास काढायला साडेनऊशे लिटर पाणी वाफ होऊन जाते, आणि एवढ्या जड पाण्यात जवळपास तेवढेच क्षार वाढल्यामुळे सोडून द्यावे लागते. ऐन टंचाईत रोज १,९०० लिटर. जिथे एकच विहीर आहे तिथे टॉवर बरोबर. इथे दोन आहेत.

१८ नोव्हेंबर
पाइपचे काम. विहिरी ते प्लेट एचडीपीई, एक मीटर खोल पुरलेला. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, म्हणून पाइपच्या खाली-वर १५ सेंटिमीटर वाळू. माती थेट अंगावर आली तर जोड ताणले जातात. इमारतीत लूप पीपीआरचा, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपचा. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी पाइप) कुठेही नाही.

खोल्यांमधल्या लूपला इन्सुलेशन नाही. पाणी २० ते ३५ अंशांत फिरते आणि पावसाळ्यात दवबिंदू २४-२५ असला तरी लूप तेव्हा ३० च्या जवळ असतो. घाम सुटत नाही. थंड पाण्याच्या केंद्रीय यंत्रणेपेक्षा इथे बराच खर्च वाचतो. गच्चीवरच्या बारा मीटरला मात्र २५ मिलिमीटर इन्सुलेशन आणि वर पत्रा, कारण तिथे ऊन पाण्यात उतरते.

विहिरीच्या पंपापुढे ठिबकवाल्यांचाच डिस्क फिल्टर, १२० मेश म्हणजे १३० मायक्रॉन. तालुक्याच्या कोणत्याही ठिबकच्या दुकानात चकत्या मिळतात. खास आयात गाळणीचा प्रस्ताव होता, तो सोडला.

२९ नोव्हेंबर
दोन्ही विहिरींवर जाळी बसवली. पारव्यांची विष्ठा आणि पिसे थेट पंपात येत होती.

११ डिसेंबर
लूप धुतला. या पायरीत घाई झाली की पुढचे सहा महिने जाळ्या उघडण्यात जातात. प्रत्येक यंत्राच्या येण्या-जाण्याच्या नळ्या रबरी होजने एकमेकींना जोडल्या आणि यंत्रे वाटेतून वगळली. कॉइलमधून धुवणाचे पाणी जाता कामा नये. पंप पूर्ण वेगाने चार तास, दर तासाला जाळी काढून. पहिल्या खेपेला पीपीआरचे काप, टेफ्लॉन टेप आणि मूठभर वाळू. चौथ्या खेपेला जाळी स्वच्छ.

नंतर आरओचे पाणी भरले. नुसते आरओचे पाणी तांब्याला खाते, म्हणून गंजरोधक मिसळले आणि प्रमाण वहीत लिहिले. विहिरीच्या बाजूला कोणतेही रसायन नाही, आणि पुढेही टाकायचे नाही : ते पाणी पुन्हा जमिनीत जाते.

१४ डिसेंबर
प्रवाहाची तपासणी. नवजात कक्षाला मिनिटाला १७ लिटर हवे होते, मिळाले ९. झडप पूर्ण उघडी, जाळी स्वच्छ. वरच्या मजल्यावर पाइपने तुळईला वळसा घातला आहे, त्या कमानीत हवा अडकली होती. नकाशात हवा काढायची झडप उभ्या पाइपच्या माथ्यावर होती, कमानीवर नव्हती. ती बसवली, १७.२ आले.

प्रत्येक यंत्राला हळू उघडणारी मोटर-झडप दिली आहे. ती पूर्ण उघडल्याचा संकेत आल्याशिवाय कॉम्प्रेसर सुरू होत नाही. झटक्यात उघड-बंद होणाऱ्या सोलेनॉइड झडपेने पाण्याचा हातोडा, म्हणजे दाबाचा धक्का, बसतो. पीपीआरचे जोड तो फार काळ सोसत नाहीत.

२१ डिसेंबर
वीज. रब्बीचे ओलीत सुरू आहे. शिवारातले पंप लागले की ४१५ व्होल्टचे ३५५ होतात. व्होल्टेज उतरले की करंट चढतो आणि कॉम्प्रेसरचे वेटोळे तापते. ३७० च्या खाली बंद, ३९० च्या वर पाच मिनिटे टिकले तरच सुरू, अशी बांधणी केली. सुरू होतानाही क्रम : नवजात कक्ष, प्रसूती कक्ष, ओटी, मग वॉर्ड, प्रत्येकात ३० सेकंदांचे अंतर. सगळी एकदम उठली तर जनरेटरही बसतो. जनरेटरवर फक्त पहिली तीन आणि दोन्ही पाणीपंप.

९ जानेवारी
पहाटे ५ वाजता बाहेर ९ अंश. नवजात कक्ष २६.८, ठीक. पण लूप अर्ध्या तासात २६ वरून २० वर आला आणि विहिरीचा पंप लागला. कारण सरळ आहे. ओटी बंद, म्हणजे लूपमध्ये उष्णता टाकणारे कोणी नाही. त्याच वेळी गरम पाण्याचे यंत्र आठ किलोवॅटहून अधिक उचलते आणि नवजात कक्ष थोडी. लूपमध्ये पाणी अवघे ६०० लिटर, ते भराभर निवते.

बिघाड नव्हे. २० ला विहिरीचा पंप लागतो आणि २७ अंशांचे पाणी लूपला पुन्हा वर आणते, तसेच ठरवले आहे. तरी पंप वीज खातो, आणि तो लागू नये असे करता येते.

१५ जानेवारी
दोन बदल. लूपमध्ये १,००० लिटरची टाकी घातली. आता तोच उतार सव्वा तास घेतो. आणि गरम पाणी पहाटे न करता सकाळी १० ते दुपारी अडीचमध्ये करायचे, ओटी चालू असताना. ओटीने टाकलेली उष्णता अंघोळीच्या पाण्यात जाते. इन्सुलेशन केलेल्या टाकीत दुसऱ्या पहाटेपर्यंत तीन अंश उतरतात, म्हणून ५३ पर्यंत तापवायचे. आठवड्यातून एकदा हीटरने टाकी ६० अंशांवर न्यायची; कोमट टाकीत जंतू वाढतात आणि रुग्णालयात तो धोका पत्करता येत नाही.

सहा दिवसांचे वाचन : विहिरीचा पंप पहाटे लागलाच नाही.

कंट्रोलरमधले आकडे आता असे. लूप ३१ वर गेला की विहिरीचा पंप सुरू, वेग बदलत ३० राखायचे, २९ ला बंद. खाली २० ला सुरू, २३ ला बंद. मधल्या पट्ट्यात विहिरीला हात लावायचा नाही. पंप सतत चालू ठेवला तर लूप छान स्थिर दिसतो, पण हीट पंपांनी वाचवलेली वीज तोच खाऊन टाकतो.

२७ फेब्रुवारी
रात्री रोहित्र बदलले गेले. सकाळी रखवालदाराचा फोन : "भाऊ, आज मशीन लयच खडखड करून राह्यली." प्रसूती कक्षाचे यंत्र. गॅसचे दोन्ही दाब जवळजवळ सारखे, खोली जशीच्या तशी. जोडणीत दोन फेज अदलाबदल झाले होते आणि स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरत होता. स्क्रोल उलटा फिरला की आवाज करतो पण गॅस दाबत नाही, आणि काही तासांत खराब होतो. ओटी आणि वॉर्डांच्या यंत्रांना फेज-क्रमाचा रिले होता, ती सुरूच झाली नाहीत. प्रसूती कक्षाच्या यंत्राला तो घालायचा राहून गेला होता. विहिरीचा पंप ड्राइव्हवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या नियंत्रकावर) असल्याने त्याला फरक पडला नाही. रिले बसवला. कॉम्प्रेसर वाचला.

११ एप्रिल
प्लेटीवरचा दाबफरक ०.२५ वरून ०.४२ किलो (दर चौरस सेंटिमीटरला), तापमानाचा फरक अडीचवरून ३.४ अंश. प्लेट उघडली. विहिरीच्या अंगाला, आणि तेही बाहेर जाण्याच्या टोकाशीच, पांढरा चुना.

३३ अंशांवर एवढा चुना बसायला नको होता. खालच्या विहिरीवर गेल्यावर उलगडा झाला. पाणी उतरल्याने परतीच्या पाइपचे तोंड उघडे पडले होते आणि पाणी धबधब्यासारखे पडत होते. आठ-नऊ मीटर खाली कोसळणारे पाणी मागचे पाणी ओढते आणि प्लेटच्या निकासाशी दाब हवेपेक्षा कमी होतो. कमी दाबात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो सुटला की विरघळलेला चुना पाण्यात टिकत नाही. सोडा वॉटरची बाटली उघडल्यासारखेच.

पाइप तळापासून एक मीटरपर्यंत लांबवला आणि टोकाशी झडप घालून प्लेटच्या निकासाशी ०.३ किलो दाब राखला. परतीचे तोंड बारा महिने पाण्याखाली राहिलेच पाहिजे.

धुण्याबद्दल एक सूचना ठळक अक्षरांत प्लेटशेजारी लावली. इकडे ठिबकच्या नळ्या हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुतात आणि ते घरोघरी असते. स्टेनलेसच्या प्लेटीला ते अजिबात चालत नाही. क्लोराइडने बारीक छिद्रे पडतात आणि विहिरीचे पाणी लूपमध्ये शिरते. सायट्रिक ॲसिड ४ टक्के, कोमट पाण्यात, दोन तास फिरवायचे. मग साध्या पाण्याने धुऊन पीएच सातच्या आसपास आला की जोडायचे. धुवण विहिरीत सोडायचे नाही. चुना टाकून निवळल्यावर शोषखड्ड्यात.

२२ मे
ज्या दिवसासाठी सगळे केले तो दिवस. दुपारी ३ वाजता सावलीत ४५.२, पश्चिमेच्या भिंतीपाशी, कार्यालयाच्या जुन्या स्प्लिट एसीच्या आउटडोअरसमोर ५१. तो एसी उच्च दाबाने दुपारी दोनदा बंद पडला. हवेवर चालणाऱ्या यंत्रात अशा वेळी गॅस ६० अंशांना द्रव होतो आणि आर-४१०ए या गॅसचा दाब ३८ बारच्या आसपास जातो. आपल्या यंत्रांत ४० अंशांना, २४ बारवर.

लूप : मिनिटाला १४८ लिटर, ३५.९ वरून ३०.६, म्हणजे ५४.६ किलोवॅट. विहीर : १३६ लिटर, २७.९ वरून ३३.६, ५४ किलोवॅट. दोन्हीकडचा हिशेब जुळतो, म्हणजे मीटरवर भरवसा ठेवता येईल. कॉम्प्रेसर १०.९ किलोवॅट, दोन्ही पंप मिळून २.१. गारवा ४३.७. कॉम्प्रेसरपुरते पाहिले तर एका युनिट विजेला चार युनिट गारवा; पंप धरून ३.३६. पुढे कोणाला आकडा सांगायचा तर पंप धरूनच सांगायचा.

ओटी २१.४, नवजात कक्ष २७.१.

वरच्या विहिरीत पाणी १०.८ मीटरवर, उपशाने ०.६ मीटर उतरते आणि रात्रीत भरते. उपसलेले पाणी तीन आठवड्यांत ०.३ अंशांनी तापले आहे. थोडी उष्णता परत येते आहे किंवा उन्हाळ्याचा परिणाम आहे. जूनअखेर उतार पाहून ठरेल.

६ जुलै
दोन दिवस झड. विहिरीचे पाणी गढूळ, डिस्क फिल्टरचा दाबफरक ०.२ वरून ०.८ किलो. वरच्या विहिरीचा कठडा एका बाजूने जमिनीलगत आहे, तिथून शेतातले पाणी आत येते. परतीच्या विहिरीची पातळी जमिनीपासून १.९ मीटरवर आली. अजून चढली तर पाणी काठावर येईल. काठापासून सव्वा मीटरवर फ्लोट लावला. तिथे पाणी पोचले की मोटर-झडप परतीचे पाणी नाल्याकडे वळवते.

उपशाचे पाणी २७.६. मेमधली वाढ गेली.

वॉर्डच्या दोन यंत्रांखाली पाणी ठिबकत होते. लूपचा घाम नव्हे. कॉइलचे पाणी वाहून नेणाऱ्या नळीत शेवाळ आणि कापसाचे तंतू. नळीला हात घालता येईल असा ट्रॅप बसवला.

९ जुलै
कठडा ६० सेंटिमीटर उचलायचा, बाहेरून मुरमाचा बांध. पावसाने उघडीप दिली की काम. तोवर फिल्टरच्या चकत्या सकाळ-संध्याकाळ धुवायच्या. धुतलेला दुसरा संच पंपघरात खुंटीला टांगला आहे. बदलताना आधी विहिरीचा पंप बंद करायचा, लूपचा नाही. लूप वीस मिनिटे तसा राहू शकतो.